घरच्या खळ्यात पुल टाईप क्लच बदलायचाय – सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स

खाडीपलीकडचा
नमस्कार मंडळी. गाडी इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स, २००३ ची, दोन लिटर टर्बो, पाच गिअर. मामा मोंबासाला होते तिथून परत येताना घेऊन आले, स्टेअरिंग उजवीकडेच आहे आणि कागद सगळे रीतसर आहेत, त्यावर इथे चर्चा नको प्लीज, त्याचं वेगळं महाभारत होईल.

तर कुंभार्ली चढताना तिसऱ्या गिअरला टर्बो भरला की आरपीएमचा काटा सरसर वर जातो आणि गाडी आहे त्याच स्पीडला. सपाटीला, हळू चालवताना काहीच नाही, एकदम गुणी. चिपळुणात एका गॅरेजवाल्याने एक चक्कर मारून सांगितलं इंजिन बसलंय, उघडावं लागेल. मला ते काही पटलं नाही, वास क्लचचा येतोय आणि हा माणूस पिस्टन म्हणतोय.

किट मागवलंय, एक्सेडीचं, ओरिजिनल मापाचं २३० एमएम. त्यात प्रेशर प्लेट, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्लच प्लेट मध्यावर धरायचा प्लॅस्टिकचा डमी शाफ्ट आलाय. घरी गुहागर तालुक्यात मोठं खळं आहे, बाजूला रिकामा मांगर (सामानाची शेड) आहे. स्विफ्ट आणि बोलेरोचे गिअरबॉक्स उतरवलेत त्यामुळे पाना धरता येतो. पण पुल टाईप कधी हाताळला नाही. सगळे नट काढले तरी गिअरबॉक्स इंजिनपासून सुटत नाही असं ऐकलंय, ते नक्की काय प्रकरण आहे? कोणी केलंय का?

घाटमाथा
भाऊ, रागावू नका पण असल्या गाडीचं काम घरी कशाला. पुण्याला न्या टोचन लावून, तिथे या गाड्या बघितलेली माणसं आहेत. चारचाकी ड्राइव्ह आहे, खाली काय काय आहे तुम्हाला कल्पना नाही.

खाडीपलीकडचा
@घाटमाथा, टोचन लावून न्यायची तर चारही चाकं उचलून फ्लॅटबेडवरच न्यायला लागेल, दोन चाकं वर दोन खाली चालत नाही या गाडीला, मधलं डिफरन्शियल जातं. तो खर्च आणि तिथली मजुरी, त्यात अजून एक किट येईल. आणि खरं सांगू का, मला करायचंय.

चाकरमानी_डोंबिवली
फोटो दिसत नाहीत.
(टाकलेच नाहीयेत हे माहीत आहे, सवय आहे म्हणून लिहिलं.) बाकी जाणकारांच्या प्रतीक्षेत, वाचनखूण साठवली.

बेअरिंगबुवा
आधी निदान. घाटमाथा साहेबांचा सल्ला चुकीचा नाही पण खाडीपलीकडच्यांना हौस आहे तर करू द्या. सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरला दोन अडीच हजार आरपीएमवर गाडी आणा आणि ॲक्सिलेटर एकदम पूर्ण दाबा. काटा पळाला आणि स्पीड मागे राहिला तर क्लच सटकतोय, विषय संपला. इंजिन कमजोर असतं तर काटाही हळूच चढला असता. गिअर आणि चाकं जोडलेली असताना काटा एकटाच पळायला मधे काहीतरी सुटलेलंच लागतं.

आता पुल आणि पुश. आपल्याकडच्या बहुतेक सगळ्या गाड्यांना पुश असतो. पेडल दाबलं की फोर्क रिलीज बेअरिंगला इंजिनच्या दिशेने ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या डायफ्रामची, म्हणजे गोल पत्र्याच्या स्प्रिंगची, बोटं आत दाबतं आणि प्लेट सुटते. बेअरिंग नुसतं टेकलेलं असतं, त्यामुळे गिअरबॉक्स मागे ओढला की बेअरिंगही त्याच्याबरोबर निघून येतं. पुलमध्ये उलटं. बेअरिंग डायफ्रामच्या मधल्या भोकात आतून अडकवलेलं असतं, तारेच्या रिंगने लॉक केलेलं, आणि फोर्क त्याला गिअरबॉक्सकडे ओढतो. ओढायचं म्हटलं तर पकड लागणारच ना, ती पकड म्हणजे हे लॉक. म्हणून सगळे बोल्ट काढले तरी गिअरबॉक्स फोर्कला, फोर्क बेअरिंगला आणि बेअरिंग प्रेशर प्लेटला धरून बसलेलं असतं. तुम्ही पहार घालून उचकटायला गेलात की ॲल्युमिनियमचं हाऊसिंग तडकतं नाहीतर डायफ्रामची बोटं वाकतात. साताऱ्याकडच्या एका गॅरेजात हे माझ्या डोळ्यासमोर झालंय, हाऊसिंगचा कान तुटून खाली पडला आणि तरी मिस्त्री म्हणतोय अजून एक बोल्ट राहिलाय वाटतं कुठेतरी.

मग एवढा उपद्व्याप कंपनी करते कशाला? पुशमध्ये डायफ्रामचा टेकू मधे कुठेतरी असतो, पुलमध्ये टेकू पार बाहेरच्या कडेला जातो आणि दाबणारा भाग त्याच्या आत येतो. तरफ लांब मिळते. त्यामुळे तेवढ्याच मापात जास्त दाब बसवता येतो आणि पायाला पेडल फार जड लागत नाही. टर्बो गाडीला हेच हवं असतं. माझदा आरएक्स-७ चं एफडी मॉडेल, लान्सर इव्होल्यूशन ४ ते ९, स्कायलाईन जीटी-आर आर३३ आणि आर३४, सहा गिअरची टर्बो सुप्रा, पोर्शा ९४४, सगळे पुल. काही मोठ्या ट्रकांनाही हाच प्रकार असतो.

सुबारूने मात्र सुटायची वाट चांगली ठेवलीय. बेल हाऊसिंगच्या बाजूला वरच्या अंगाला एक गोल प्लग आहे, त्याला १० एमएम ॲलन की लागते. प्लग काढलात की आत फोर्कचा शाफ्ट दिसेल, ज्यावर फोर्क झुलतो तो. त्या शाफ्टच्या तोंडाला ६ एमएमचे आटे आहेत. त्यात ६ चा बोल्ट फिरवायचा आणि शाफ्ट बाहेर ओढायचा. शाफ्ट निघाला की फोर्क मोकळा होतो, तो वर उचलून बेअरिंगच्या कानातून सोडवायचा. आता बेअरिंग प्रेशर प्लेटवरच राहील आणि गिअरबॉक्स सरळ मागे येईल. हे काम बोल्ट काढायच्या आधी करा, गिअरबॉक्स लोंबकळत असताना नाही.

कातळशिल्प
बेअरिंगबुवांना दंडवत, एवढं नीट मराठीत कोणी लिहिलेलं वाचलं नव्हतं.

मी ऑकलंडला असताना एफडी होती माझ्याकडे, तिचा क्लच मी आणि माझा नवरा, आम्ही घरच्या गराजमध्ये केला. तिथे सुबारूसारखा शाफ्ट ओढायची सोय नाही, हाऊसिंगच्या झाकणातून चपटा स्क्रूड्रायव्हर घालून बेअरिंग आणि त्या रिंगच्या मधे पिळायचा, दुसऱ्याने त्याच वेळी फोर्क धरायचा, आणि खट्ट करून सुटतं. सुटलं की नाही ते आवाजावरनंच कळतं. तुमचं त्या मानाने सोपं आहे दादा.

दोन गोष्टी. वरचा इंटरकूलर आधी काढा, तो नेमका बेल हाऊसिंगच्या डोक्यावर बसलेला असतो, त्याच्याखाली स्टार्टर, क्लचच्या फोर्कला ढकलणारा स्लेव्ह सिलिंडर, तो मागच्या भिंतीला जोडलेला पिच स्टॉपरचा दांडा, सगळं तिथेच. स्लेव्हचा पाइप सोडायची गरज नाही, दोन बोल्ट काढून पाइपासकट बाजूला बांधून ठेवा. आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की क्लचच्या पेडलवर कोणी पाय द्यायचा नाही, पिस्टन बाहेर उडतो आणि सगळं ऑइल सांडतं. लहान मुलं असतील तर सरळ गाडीचे दरवाजे लॉक करा.

दुसरं म्हणजे बॅटरीची मायनस वायर सगळ्यात आधी.

सर्जेकोटचो
क्लचाचा काय ता तुमका ठावक. मी ट्रॉलराची इंजिना करतंय, गाडये नाय. पन एक सांगतंय, गाडी चिऱ्यार ठेवूची नाय. खळ्यात चिरे पडलेले आसतत, हाताशी गावतत, आणि मानूस दोन चिरे एकार एक रचून गाडी टेकवता. चिरो दिसता घट, पन आतून भोकाभोकाचो. एका कोपऱ्यार वजन इला की फुटता, आणि सांगान फुटना नाय. खाली मानूस आसता. आमी इंजिन काडताना सागाचे नायतर आयनाचे जाड ठोकळे घालतो. चेन कप्पी हवी तर खयच्याय बंदरार गावात, पन जुन्या मांगराच्या वाशाक लावू नको, वाळवी खाल्लेलो आसता.

चाकरमानी_डोंबिवली
सर्जेकोटकर अण्णा, +१०००. आमच्या गावी सगळे हेच करतात, गाडीचा टायर काढून खाली चिरा. आज घरी फोन करून सांगतो.

बेअरिंगबुवा
सर्जेकोटकरांची पोस्ट धाग्यात सगळ्यात वर पिन करायला हवी. क्लच चुकला तर परत करता येतो.

चार लोखंडी घोड्या (जॅक स्टँड) घ्या, प्रत्येकीखाली जाड प्लायवूडचा तुकडा, कारण खळ्याच्या मातीत घोडीचे पाय रुततात. शेणाने सारवलेलं असेल तर अजूनच. आणि गाडी नेहमीपेक्षा जास्त उंच उचला, गिअरबॉक्स जॅकवर खाली आल्यानंतर तो जॅकसकट गाडीखालून बाहेर सरकायला जागा लागते, हे बहुतेकांच्या लक्षात येतं ते गिअरबॉक्स खाली आल्यावर. एकट्याने उचलायचं वजन नाही ते, पुढचं डिफरन्शियल पण त्याच खोक्यात आहे.

खाडीपलीकडचा
सगळ्यांचे आभार. चौथ्या गिअरची टेस्ट शृंगारतळीच्या पुढे सरळ रस्ता आहे तिथे केली, काटा पळाला, क्लचच आहे. इंजिन उघडायचं वाचलं. घोड्या आणल्या, चिरे लांब नेऊन टाकले. काम सुरू केलंय, अपडेट देत राहीन.

खाडीपलीकडचा
अपडेट. इंटरकूलर, स्टार्टर, पिच स्टॉपर निघाले. टर्बोचा डाऊनपाइप काढताना नट गंजून स्टडला एकजीव झालेत, रात्रभर तेल सोडून ठेवलं आणि सकाळी गरम करून एकेक सोडवला, सगळे वाचले. प्रोपेलर शाफ्ट काढला तर मागून गिअर ऑइल यायला लागलं, दुधाची पिशवी धुवून त्यावर रबर बँड मारला, थांबलं.

पुढचे ॲक्सल गिअरबॉक्सला धरणाऱ्या रोल पिना मात्र जाम. आणि तो १० चा प्लग सुटला पण आतला फोर्क शाफ्ट हलत नाहीये. ६ चा बोल्ट लावून पक्कडीने ओढतोय, ढिम्म. अजून जोर लावला तर बोल्टचं डोकं तुटेल अशी भीती. बाहेर नुसता गंज आहे, गाडी समुद्रापासून दोन डोंगर आत असते तरी ही गत.

घाटमाथा
पक्कडीने ओढू नका. माझं आधीचं मत कायम आहे पण आता सुरू केलंच आहे तर ऐका. ६ चा लांब बोल्ट घ्या, हाय टेन्साइल. त्यावर एक मोठा सॉकेट उलटा घाला, ज्याच्या आत तो शाफ्ट मावेल एवढा, सॉकेटवर जाड वायसर, आणि बोल्ट आट्यात फिरवा. सॉकेट हाऊसिंगला टेकेल आणि बोल्ट घट्ट कराल तसा शाफ्ट सॉकेटच्या आत ओढला जाईल. घरगुती पुलर. आधी तेल सोडा, अर्धा तास थांबा. आणि स्लेव्ह काढलेला आहे ना? फोर्कवर ताण असेल तर शाफ्ट अडकलेलाच राहणार, एकाने वरून फोर्क थोडा मागेपुढे हलवत राहा.

बेअरिंगबुवा
@घाटमाथा क्या बात है, हेच लिहायला आलो होतो.

रोल पिनांचं असं आहे की भोकाच्या एका बाजूला तोंड थोडं पसरट असतं आणि दुसऱ्या बाजूला नसतं, टोचा लावायच्या आधी दोन्ही बाजू साफ करून बघा. ॲक्सल बसवताना त्या पसरट बाजू एकमेकीसमोर आल्या पाहिजेत, अर्ध्या चक्कराने चुकलं तर पिन जाणारच नाही, म्हणून काढायच्या आधी खडूने खूण करा. जुन्या पिना परत वापरू नका, स्वस्त असतात. टोचा पिनेच्या मापाचा हवा, बारीक घेतलात तर पिनेच्या आत घुसून तिला आतूनच फुगवतो आणि मग बसा.

खाडीपलीकडचा
निघाला!! घाटमाथा साहेब, सॉकेटवाली युक्ती. दोन फेऱ्या फिरवल्या तोवर काही नाही, मग कुईं करून आवाज आला आणि शाफ्ट सुरसुर बाहेर. फोर्क वर उचलून कानातून सोडवला. वेलदूरचा एक दोस्त बोटीची इंजिनं करतो, तो आला होता, त्याने जॅकवर गिअरबॉक्स तोलून धरला आणि मी हाऊसिंगचे बोल्ट काढले. एवढी चर्चा झाली आणि गिअरबॉक्स असा मागे आला की जणू कधी जोडलेलाच नव्हता.

आत काय दिसलं ते सांगतो. क्लच प्लेटचे रिव्हेट जवळजवळ वर आलेत, मटेरियल संपलंय. फ्लायव्हीलवर निळे-काळे गोल डाग आणि बारीक रेषा. प्रेशर प्लेटवर बेअरिंग तसंच चिकटलेलं राहिलंय, हाताने फिरवलं तर घरघरतंय. गिअरबॉक्सच्या ज्या नळीवर बेअरिंग मागेपुढे सरकतं तिथे बोटाला किंचित धार लागतेय. आणि फ्लायव्हीलच्या मागे तळाशी तेलाचा ओलावा आहे. फ्लायव्हील बदलू की टर्निंग मारून घेऊ? खेर्डीला एमआयडीसीत लेथवाले आहेत.

कातळशिल्प
निळे डाग म्हणजे तिथे तापून लोखंड कडक झालंय. लेथचं टूल त्या कडक डागावरून उडी मारतं आणि तिथे उंचवटा राहतो, मग नवीन प्लेट थरथरते, पहिल्या गिअरला गाडी निघताना दणदण करते. ग्राइंडिंग करून घ्या, लेथवर टर्निंग नको. खेर्डीत सरफेस ग्राइंडर असेलच कोणाकडे. बारीक रेषा नखाला लागत असतील तर मात्र फ्लायव्हीलच नवीन.

बेअरिंगबुवा
ताईंशी सहमत. ओलाव्याचं बघा. फ्लायव्हील काढलंच आहे तर क्रँकचं मागचं ऑइल सील तपासा, आणि त्याच्या बाजूला सेपरेटर प्लेट असते, जुन्या इंजिनांना प्लॅस्टिकची येते, ती वाकते आणि पाझरते. पत्र्याची मिळते, ती लावा. तिचे स्क्रू फार जाम असतात, इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, साध्या स्क्रूड्रायव्हरने डोकी गोल होतील. सील कोरडं असेल तर मात्र उगाच उचकू नका, चांगलं बसलेलं कंपनीचं सील काढून वाकडं नवीन बसवण्यात अर्थ नाही.

नळीची धार बोटाला जेमतेम लागत असेल तर बारीक पॉलिश पेपरने साफ करा. चर पडला असेल तर त्यावर चढवायची पोलादी स्लीव्ह मिळते. हे सोडून दिलंत तर नवं बेअरिंग त्याच चरात अडकत चालेल आणि पेडल खरखरेल.

बसवताना:
क्लच प्लेटवर लिहिलेलं असतं फ्लायव्हीलची बाजू कुठली, उलटी लावू नका. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट दोन्हींवर शून्यासारखी खूण असते, ती त्या त्या तुकड्याची जड बाजू दाखवते, त्या दोन खुणा एकमेकींपासून १२० अंश किंवा जास्त लांब ठेवायच्या म्हणजे व्हायब्रेशन येत नाही. फ्लायव्हीलचे बोल्ट ७२ न्यूटन मीटर, प्रेशर प्लेटचे साधारण १६, हो फक्त सोळा, तिथे घण घातल्यासारखा जोर लावू नका, आडव्यातिडव्या क्रमाने थोडे थोडे कसत जा. हाऊसिंगचे ५०. टॉर्क रेंच नसेल तर भाड्याने आणा पण आणा.
स्प्लाइनला, म्हणजे गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या दातांना, ग्रीस अगदी पुसट, बोटाने लावून परत पुसून काढल्यासारखं. जास्त लावलंत तर फिरताना उडून प्लेटवर जातं आणि नवी प्लेटही सटकायला लागते.

चाकरमानी_डोंबिवली
एक अडाणी प्रश्न. बेअरिंग जर प्रेशर प्लेटच्या आत अडकतं तर परत जोडताना ते आधी प्रेशर प्लेटला लावायचं की गिअरबॉक्सला? कारण आत तर हात जाणार नाही.

बेअरिंगबुवा
अजिबात अडाणी नाही, नेमका हाच प्रश्न लोक विचारत नाहीत आणि मग अडकतात. जुन्या कव्हरमधून बेअरिंग कसं निघतं ते आधी टेबलावर करून बघा, रिंग कशी फाकते ते हाताला कळतं. नवीन बेअरिंग गिअरबॉक्सच्या नळीवर चढवायचं, फोर्क त्याच्या कानात घालायचा, शाफ्ट सारायचा, प्लग बंद. मग गिअरबॉक्स इंजिनला जोडून बोल्ट पूर्ण कसायचे. या वेळेला बेअरिंग अजून लॉक झालेलं नाही. आता वरून फोर्कचं टोक हलवून बेअरिंग इंजिनच्या दिशेने सारायचं, जोरात, खट्ट असा आवाज येईपर्यंत. मग उलट तपासणी: स्लेव्ह ज्या दिशेला ढकलतो त्या दिशेला फोर्क हाताने दाबून बघा. डायफ्रामचा कडकपणा हाताला लागला तर बसलं. मऊ गेला, नुसता डुलला, तर बसलेलं नाही. नाही बसलं तरी गिअरबॉक्स खाली घ्यायची गरज नाही, परत सारायचं. पण ही खात्री झाल्याशिवाय स्लेव्ह लावू नका.

खाडीपलीकडचा
झालं सगळं, गाडी चाललीय. धाग्यात काम संपलं की माणूस गायब होतो तसं नको म्हणून सविस्तर लिहितो.

फ्लायव्हील खेर्डीला ग्राइंड करून आणलं, रेषा निघून गेल्या, नखाला काही लागत नाही. सेपरेटर प्लेट प्लॅस्टिकचीच होती, तिच्या एका कोपऱ्यातून पाझर होता, सील मात्र खडखडीत कोरडं म्हणून त्याला हात लावला नाही. नळी पॉलिशने साफ झाली, चर नव्हता.

गिअरबॉक्स परत चढवणं हे काढण्यापेक्षा वैतागाचं. डमी शाफ्टने प्लेट मध्यावर आणली तरी शेवटचा बोटभर भाग जाईना. बोल्टने ओढून घ्यायचा मोह होतो पण वेलदूरवाला म्हणाला, थांब, बोल्टने ओढायचं नाही, तिरकं असेल तर प्लेटचा मधला भाग वाकेल. त्याने गाडी गिअरला टाकली, मी मागून शाफ्टचं तोंड हाताने हळूहळू फिरवत राहिलो, तो जॅक एकेक दात खालीवर करत होता आणि स्प्लाइन जुळल्याबरोबर गिअरबॉक्स आपणहून आत गेला. हाऊसिंग सगळीकडून टेकलं मगच बोल्ट.

आणि तो खट्ट. फोर्क सारला, पहिल्यांदा काहीच नाही, मग दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा आला. मोठा आवाज नाही, पण हाताच्या तळव्याला कळतो. उलट दाबून बघितला, कडक. वेलदूरवाल्यालाही दाबायला लावला, तो म्हणाला ह्यो आता काय सुटत नाय.

गिअर ऑइल ७५डब्ल्यू-९०, जीएल-५, साडेतीन लिटर. या गिअरबॉक्सला डिपस्टिक आहे हे मला फार आवडलं, खाली झोपून लेव्हल बघायची भानगड नाही. क्लचचं ऑइल पण बदललं, जुनं चहासारखं झालं होतं.

पहिल्या चकरेला पेडल हलकं आणि पकड एकदम वरच्या अंगाला, आधी पार तळाशी सोडायला लागायचं. आता पाचसातशे किलोमीटर अंगावर घेऊन चालवणार नाही, प्लेट बसू दे. मग कुंभार्ली.

घाटमाथा
अभिनंदन! मी शब्द मागे घेतो. कुंभार्ली चढून वर हेळवाकला आलात की कळवा, चहा माझ्याकडे.

कातळशिल्प
मस्त! आता खरा प्रश्न पावसाचा. ही गाडी पावसाळ्यात उभीच असते का? आपल्याकडची हवा बघता चार महिने न हलवता ठेवली तर प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते. माझ्या दिराची जिप्सी अशीच दसऱ्याला काढायला गेलो तर क्लच दाबला तरी गिअर पडेना. नवीन ग्राइंड केलेलं फ्लायव्हील तर अजून लवकर गंजतं.

खाडीपलीकडचा
असतेच उभी, रस्त्यांची अवस्था बघून काढवत नाही. लोक क्लचचं पेडल दाबून काठी लावून ठेवतात म्हणे, सीट आणि पेडलच्या मधे. तसं करू का?

बेअरिंगबुवा
मी करत नाही. चार महिने डायफ्राम दाबलेला आणि हायड्रॉलिकच्या सीलवर सतत प्रेशर. त्यापेक्षा आठवड्याला चालू करा, इंजिन तापलं की क्लच दाबून पहिला टाकून खळ्यातल्या खळ्यात चार हात पुढे, चार हात मागे, थोडा हाफ क्लच. प्लेट एकदा घासली की गंजाचा थर बसत नाही.

सर्जेकोटचो
काठी लावलेली माका चालता. आमी बोटींका पावसात तसाच करतो, आणि आमची सीला काय मरनत नाय. पन बुवा म्हनतत ता पन बरोबर, मानूस घरात आसलो तर गाडी हलवूची. घर बंद आसला तर काठी.

घाटमाथा
काठीला माझा विरोध आहे, पण बंद घराच्या मुद्द्यावर सर्जेकोटकरांशी अर्धा सहमत.

मुरुडचा_शारजात
उशिरा आलो धाग्यावर. मी शारजाला असतो, मूळचा मुरुड-दापोलीचा. माझी २००८ ची हॅचबॅक डब्ल्यूआरएक्स, अडीच लिटर, पाच गिअर. इथे मजुरी फार सांगतायत म्हणून स्वतः करायचा विचार आहे. तो १० ॲलनचा प्लग शोधतोय, सापडतच नाही. रंगाखाली दडलाय का?

बेअरिंगबुवा
दडलेला नाही, तुमच्या गाडीला तो नाहीच. २००६ पासून अडीच लिटरच्या पाच गिअर डब्ल्यूआरएक्सला सुबारूने पुश टाईप क्लच दिला. पुल राहिला तो सहा गिअरच्या एसटीआयला, म्हणजे याच गाडीच्या जास्त ताकदीच्या मॉडेलला. म्हणजे तुमच्याकडे शाफ्ट ओढणे, खट्ट आवाज, यातलं काही नाही, गिअरबॉक्स साध्या गाडीसारखा मागे येईल. फक्त किट मागवताना पुशचंच आलंय ना ते डबा उघडून बघा, बेअरिंगला आत अडकायची तारेची रिंग दिसली तर चुकीचं पाठवलंय, परत करा. बाकी इंटरकूलर, स्लेव्ह, टॉर्क, ते वरचं तसंच.

मुरुडचा_शारजात
बरं झालं विचारलं. किट कालच आलंय, रिंग आहे त्यात. परत पाठवतो.